तिसरी काच

रविवारी सकाळी डॉक्टरांच्या पलंगावर मधोमध एक काच झोपली होती. खाली दोन गाद्या, अंगावर पातळ चादर, दोन्ही बाजूंना उशा. डॉक्टर सोफ्यावर आणि त्यांची बायको, म्हणजे बाई, सासूबाईंच्या खोलीत, अशी घरातली झोपायची व्यवस्था त्या काचेपायी शनिवारपासून बदलली होती.

"हळू बोल गं, तिची झोपमोड होईल," चहाचा कप घेत सासूबाई सुनेला म्हणाल्या. "बाळंतपणात मलासुद्धा कुणी एवढं जपलं नव्हतं."

डॉक्टर हसले नाहीत. हसण्यासारखी त्यांची परिस्थितीच नव्हती, कारण ही तिसरी काच होती. गॅरेजमध्ये उभी असलेली ती जुनी गाडी डॉक्टरांच्याच वयाची, म्हणजे छप्पन्न वर्षांची. तिची पुढची काच आता कुठलाच कारखाना बनवत नाही. डॉक्टर दातांचे. पहिली काच मिळाली तेव्हा त्यांनी दात ठोकून बघतात तशी ती बारीक हातोडीने ठोकून बघितली, आणि ती जागच्या जागी गेली. दुसरी काच खोक्यातूनच तुकड्यांत आली. तिसरीला अडीच वर्षं लागली, आणि देणाऱ्याने बजावून सांगितलं, की यानंतर माझ्याकडे फोन करायचा नाही.

बरं, नुसती काच असती तर गोष्ट वेगळी. त्या काचेवर गॅरेज अवलंबून होतं. बाई शिवणाचा क्लास चालवत. चार मशिनं बैठकीत, एक स्वयंपाकघरात आणि एक न्हाणीघराच्या दाराशी. अंघोळीला जाणाऱ्या माणसाला आधी एका विद्यार्थिनीला उठवावं लागे. आणि बाहेर एवढं प्रशस्त गॅरेज एका न चालणाऱ्या गाडीने अकरा वर्षं अडवलेलं. "पुढच्या महिन्यात नक्की" हे वाक्य बाईंनी डॉक्टरांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं होतं, की महिन्याच्या पहिल्या तारखेला त्या ते स्वतःच म्हणून टाकत.

शेवटी सासूबाई मध्ये पडल्या. त्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या, त्यामुळे त्यांनी अट घातली तीही तशीच. "बाळ्या, नीट ऐक. या रविवारी पाचच्या आत गाडी आपल्या इंजिनावर फाटकाबाहेर गेली पाहिजे, आणि सूनबाई तिच्यात बसलेली पाहिजे. झालं तर गॅरेज गाडीचं. नाहीतर गॅरेज शिवणाचं, आणि गाडी जो मागेल त्याला." मागणारा एक जण तयारच होता. तो सहाला येणार होता.

डॉक्टरांना झोप कशी लागणार, तुम्हीच सांगा. अकरा वर्षांतले सगळे रविवार त्यांनी त्या गाडीत घातले होते. इंजिन गेल्याच वर्षी सुरू झालं होतं, रंग झाला होता, गाद्यांना आणि छताला कापड तर बाईंनीच शिवून दिलं होतं, कुरकुरत का होईना. राहिली होती फक्त काच. आणि दारांची हँडलं, पण ती काय, पॉलिशवाल्याकडे चकाकायला दिली होती, आली की चार स्क्रूंचं काम. दाराची बाहेरची, आतली, खिडकीच्या काचा वरखाली करायची, सगळी एकदमच दिली होती. दारांना नवं रबर लावलं होतं, ते नीट बसावं म्हणून दारं आठ दिवस बंद ठेवायला रंगवाल्यानेच सांगितलं होतं. खिडक्याही त्याचसाठी वर चढवलेल्या. मग गाडीत शिरायचं कसं? सोपं होतं. पुढची काच नव्हतीच. स्टुलावर पाय द्यायचा, बॉनेटवर घातलेल्या गोधडीवर बसायचं आणि त्या भोकातून आत घसरायचं. आठ दिवसांत घरातल्या सगळ्यांना त्याची इतकी सवय झाली होती, की गाडीला दारं असतात हेच सगळे विसरून गेले होते. सासूबाईसुद्धा एकदा आत जाऊन बसून आल्या होत्या. वय वर्षं ब्याऐंशी.

काचवाले काका दहाला येणार होते, ते दोनला आले. एकेकाळी असल्या काचा बसवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. आता असल्या गाड्याच राहिल्या नाहीत, म्हणून ते खिडक्यांची तावदानं बसवत. पलंगावरची काच त्यांनी दारातूनच वाकून वाकून बघितली. मग चप्पल काढून आत गेले.

"हिला हात लावायच्या आधी एक सांगतो. 'फुटेल' हा शब्द कुणी काढायचा नाही. शब्द काढला की मी घरी जाणार."

"नाही काढणार," डॉक्टर म्हणाले. "पण समजा, चुकून जर ती..."

"अहो," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी तोंडावर हात ठेवला.

काकांनी रबराची जाड पट्टी गरम पाण्यातून काढली आणि काचेच्या कडेने गोल चढवली. रबराच्या आतल्या बाजूला एक खाच असते. त्या खाचेत त्यांनी साबणाच्या पाण्यात भिजवलेली मजबूत दोरी पूर्ण फेरा मारून बसवली आणि तिची दोन टोकं खाली मोकळी सोडली. मग सांगितलं, "आता मी बाहेरून काच लावून धरणार. आत बसलेल्या माणसाने ही टोकं हळूहळू ओढायची. दोरी निघत येते तसा रबराचा ओठ पत्र्यावर उलटतो आणि काच पकडली जाते. सगळी गंमत आतल्या माणसाच्या हातात आहे."

"मी बसतो आत," डॉक्टर लगेच म्हणाले.

काकांनी त्यांच्या हाताकडे बघितलं. "डॉक्टर, माझी अक्कलदाढ तुम्हीच काढलीत. तुमचा हात मला माहीत आहे. इथे ओढायचं असतं, उपटायचं नसतं."

बाईंनी तोवर रबर बोटांनी चाचपून बघितलं होतं. "अहो, हे तर पायपिंग आहे. उशीच्या अभ्र्याला घालतो तसलं. यात काय आहे, मी ओढते." आणि पदर खोचून, स्टुलावर पाय देऊन, गोधडीवरून सरकून त्या सवयीने आत गेल्यासुद्धा. डॉक्टरांनी त्यांना हात दिला. काकांनी गोधडी काढून घेतली. सासूबाई खुर्ची टाकून मनगटावरचं घड्याळ बघत बसल्या. चौघांच्या चौघांनी हे बघितलं, आणि चौघांतल्या एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग जे सुरू झालं ते बघण्यासारखं होतं. काका आणि डॉक्टर दोघांनी काच उचलली. डॉक्टरांच्या काळजाची धडधड काकांना काचेतून जाणवत होती म्हणे. काच भोकावर टेकली. बाईंनी दोन्ही टोकं हातात घेतली.

"ओढा, वहिनी. काटकोनात. घाई नको."

दोरी इंचाइंचाने निघायला लागली आणि रबराचा ओठ एकेक इंच उलटत, पत्र्यावर चढत चालला. काका बाहेरून तळहाताने काच थोपटत होते, बाळाला झोपवावं तशी. खालची बाजू झाली. डावा कोपरा झाला. उजव्या कोपऱ्यावर दोरी अडकली.

"येत नाहीये," आतून आवाज आला.

"जोर कर," डॉक्टर म्हणाले.

"जोर करू नका," काका म्हणाले. "साबण."

डॉक्टरांनी साबणाचं पाणी इतक्या लगबगीने ओतलं, की अर्धं काकांच्या बाहीत गेलं. बाईंनी दोरी जरा सैल सोडली, पुन्हा धरली, कपडा मशिनखाली वळवताना करतात तसा मनगटाला एक नाजूक हेलकावा दिला, आणि कोपरा पुटकन वळला. मग वरची बाजू सरसर आली. शेवटचा वीतभर तुकडा निघाला आणि दोरी बाईंच्या मांडीवर पडली. काच बसली होती. कुठे तडा नाही, कुठे ओरखडा नाही.

मग काका म्हणाले, "वहिनी, पंचवीस वर्षांत असा हात बघितला नाही." डॉक्टरांचे डोळे भरून आले होते. ते नुसते काचेकडे बघत होते आणि काचेपलीकडून बायको हसत होती. इतकी सुंदर ती त्यांना बऱ्याच वर्षांनी दिसत होती, आणि त्यातलं थोडं श्रेय ते काचेलाही देत होते.

"साडेतीन," सासूबाईंनी जाहीर केलं.

आता काच नुसती बसवून भागत नाही, ती बुजवावी लागते. रबर आणि काच यांच्यामध्ये काळं लुकण भरायचं, नाहीतर पाणी आत येतं. इथे मात्र डॉक्टरांनी कुणाचं ऐकलं नाही. लुकण त्यांनी दवाखान्यातल्या सगळ्यात मोठ्या सिरिंजमध्ये भरलं, कपाळाला दिवा बांधला आणि रबराचा ओठ एका चपट्या हत्याराने उचलून दाढेतली पोकळी भरावी तसं भरत गेले. बाहेर आलेलं कापसाने टिपत गेले. मध्येच सवयीने काचेला म्हणाले, "दुखलं तर हात वर करा." काका तोंडात बोट घालून बघत राहिले.

मग पाण्याची परीक्षा. डॉक्टरांनी नळी लावली आणि काचेवर पाण्याचा फवारा सोडला. बाई आतून बोटाने कडा चाचपत होत्या.

"डाव्या कोपऱ्यात एक थेंब."

पुन्हा सिरिंज, पुन्हा कापूस, पुन्हा पाणी. "आता?"

"कोरडं ठणठणीत."

डॉक्टर अक्षरशः नाचले. छप्पन्नाव्या वर्षी, कपाळाला दिवा बांधून, ओल्या फरशीवर. काकांना मिठी मारली, आईच्या पाया पडले, आणि "आलोच, शर्ट बदलतो" म्हणून घरात पळाले. पाच मिनिटांत परत आले ते इस्त्रीचा शर्ट, विंचरलेले केस आणि हातात गाडीची किल्ली. चार वीस झाले होते. ऐटीत चालत ते चालकाच्या दारापाशी गेले आणि दार उघडायला त्यांनी हात पुढे केला.

तिथे एक चौकोनी भोक होतं.

डॉक्टरांनी त्या भोकाकडे बघितलं. मग पलीकडच्या दाराकडे गेले. तिथेही चौकोनी भोक होतं. मग त्यांनी पुढच्या काचेकडे बघितलं, आणि काचेच्या आतून बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. दोघांच्याही डोक्यात एकाच वेळी उजेड पडला.

"अहो," बाई तिकोनी खिडकीतून म्हणाल्या. पुढच्या बाजूची ती वीतभर खिडकीच काय ती आतून उघडत होती. "मी बाहेर कशी येऊ?"

डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. आधी त्यांनी स्क्रूड्रायव्हर घातला. तो चौकोनी भोकात नुसता गरगर फिरला. मग दात उपटायचा चिमटा आणला. तो भोकात शिरलाच नाही. सुईसारखं एक हत्यार घातलं, त्याचं टोक आत मोडून राहिलं. आतल्या बाजूलाही तीच भोकं, तिथे बाईंनी कात्री घालून बघितली. डिकीतून यावं तर मागच्या सीटमागे पत्र्याची भिंत. डॉक्टरांनी पॉलिशवाल्याला फोन लावला.

"हँडलं कालच तयार झाली," पॉलिशवाला खुशीत म्हणाला. "या की घ्यायला. आज रविवार आहे, पण मी सहापर्यंत आहे."

जायला वीस मिनिटं, यायला वीस मिनिटं. घड्याळात चार एकोणतीस झाले होते.

"काका," डॉक्टर काकुळतीला येऊन म्हणाले, "काच काढता येईल?"

"येईल की. सुरी घालून रबर कापायचं. पण दुसरं रबर आहे का तुमच्याकडे? नाही. आणि काच..." काकांनी तो शब्द टाळला. "काच परत एकसंध निघेल, हे मी लिहून देणार नाही. माझं काम काच बसवायचं. माणूस काढायचं नाही."

"म्हणजे मी हरलो," डॉक्टर म्हणाले आणि स्टुलावर बसले. खरंच बसले, गळाल्यासारखे. "अकरा वर्षं. सगळं झालं आणि हँडलांपायी हरलो. मूर्ख आहे मी."

"चार पस्तीस," सासूबाई म्हणाल्या. पण आवाज जरा मऊ झाला होता.

आता खरी मजा बघा. गाडीत बसलेल्या बाईंना काहीही करायची गरज नव्हती. पंचवीस मिनिटं नुसतं बसून राहायचं, की गॅरेज त्यांचं. सहा मशिनं ओळीने, भिंतीवर मोठा आरसा, कपडा कापायला लांबलचक टेबल, सगळं त्यांनी मनात कधीचं मांडून ठेवलं होतं. हे त्यांना कळत होतं, डॉक्टरांना कळत होतं, आणि बाईंना कळतंय हेही डॉक्टरांना कळत होतं. म्हणून ते तिकडे बघतही नव्हते.

बाई मात्र बघत होत्या. समोर काचेतून फाटक दिसत होतं, फाटकापलीकडे रस्ता आणि वर आभाळाची एक पट्टी. आठ दिवस त्या याच भोकातून येजा करत होत्या, पण काच बसल्यावर सगळं निराळंच दिसत होतं. बसल्या बसल्या त्यांनी स्टिअरिंगवर हात ठेवला. ते मोठं होतं, बारीक होतं आणि गार होतं. गादीवर त्यांनीच घातलेली टीप हाताला लागत होती.

"अहो, ऐकता का," त्या म्हणाल्या. "किल्ली द्या."

डॉक्टरांनी मान वर केली. "कशाला?"

"गाडी बाहेर न्यायला. मी आतच आहे ना? आईंनी काय सांगितलं, गाडी आपल्या इंजिनावर बाहेर गेली पाहिजे आणि सून आत पाहिजे. तुम्ही आत पाहिजेत असं कुठे सांगितलंय?"

डॉक्टरांनी आईकडे बघितलं. आईंनी थोडा विचार केला. "नाही सांगितलं," त्या म्हणाल्या. "बाळ्याचा उल्लेख नाही."

"अगं, पण पहिली फेरी..." डॉक्टर म्हणाले. अकरा वर्षं रोज झोपताना ते ही पहिली फेरी मारत आले होते. त्या फेरीत स्टिअरिंगवर कायम तेच असत. "तुला क्लच जमेल का? तो फार कडक आहे. आणि तू बाहेर नेलीस तर तू हरतेस, कळतंय ना तुला?"

"कळतंय. रोजची गाडी कोण चालवतं? मीच ना? द्या किल्ली, नाहीतर बसून राहते पाचपर्यंत. मला आत काही त्रास नाही."

डॉक्टर उठले. किल्ली मुठीत घट्ट धरून तिकोनी खिडकीपाशी उभे राहिले. चार त्रेचाळीस, सासूबाई म्हणाल्या. चार चव्वेचाळीस. मग त्यांनी मूठ उघडली. बाईंनी दोन बोटांनी किल्ली आत घेतली.

इंजिन पहिल्यांदा खोकलं आणि बंद पडलं. दुसऱ्यांदा नुसतं गुरगुरलं. तिसऱ्यांदा असं कडाडून सुरू झालं, की काकांनी दोन्ही हात पसरून काचेकडे धाव घेतली. काच हललीसुद्धा नाही. डॉक्टर गाडीबरोबर धावायला लागले. "क्लच हळू सोड. पहिला गिअर खाली. डावीकडे कुंडी आहे. कुंडी, कुंडी." कुंडी गेली. बाईंना ऐकूच येत नव्हतं. त्या दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, पुढे झुकून, लहान मुलीसारख्या हसत होत्या. काकांनी फाटक सताड उघडलं. ती निळी, लांबरुंद, छप्पन्न वर्षांची गाडी रस्त्यावर आली आणि उन्हात अशी काही झळाळली, की समोरून येणारा सायकलवाला पाय टेकून उभा राहिला.

"चार सत्तेचाळीस," सासूबाई उभ्या राहून ओरडल्या. "बाळ्या, गॅरेज गाडीचं."

डॉक्टर फाटकात धापा टाकत उभे होते. ते जिंकले होते. त्यांना प्रचंड आनंद झाला होता आणि हातात मात्र काहीच नव्हतं, किल्लीसुद्धा. गाडी कोपऱ्यावर वळताना बाईंनी हॉर्न वाजवला. तो कधी वाजेल असं डॉक्टरांनाही वाटलं नव्हतं.

"गेली कुठे?" त्यांनी विचारलं.

"पॉलिशवाल्याकडेच ना," काका म्हणाले. "दुसरीकडे जाऊन तरी काय करणार, उतरता कुठे येतंय त्यांना."

पाच दहाला बाई पोचल्याचा पॉलिशवाल्याचा फोन आला. साडेपाचला हँडलं बसल्याचा आला. म्हणजे सहाच्या आत यायला हव्या होत्या. सहाला गिऱ्हाईक आलं, रिकामं गॅरेज बघून गेलं. सव्वासहा झाले. डॉक्टर दहा वेळा कोपऱ्यापर्यंत जाऊन आले. साडेसहाला एकदाचा हॉर्न ऐकू आला, आणि गाडी झोकात वळून फाटकात येऊन थांबली. सगळी हँडलं आरशासारखी चमकत होती. बाईंनी आतून दार उघडलं पण त्या उतरल्या नाहीत. त्यांचे केस विस्कटले होते आणि गाल लाल झाले होते.

"एवढा वेळ?" डॉक्टर म्हणाले. "काही झालं का? गळली का? तापली का?"

"काही नाही झालं. लांबून आले." त्यांनी केस मागे सारले. "खूप लांबून. अहो, तुम्ही अकरा वर्षं हिला गॅरेजमध्ये ठेवलीत? वाटेत सात जणी भेटल्या, सगळ्या म्हणाल्या, बाई, थांबा, बघू द्या. तीन नवीन विद्यार्थिनी मिळाल्या. क्लास घरात घ्यायचाच कशाला? मागच्या सीटवर तीन मशिनं बसतात, मी मापं घेऊन आले. मी फिरून शिकवीन."

"आणि गॅरेज?" डॉक्टरांनी हळूच विचारलं.

"गॅरेज तुमचं. तुम्ही जिंकलात," बाई म्हणाल्या. "गाडी मी घेते."

डॉक्टरांनी आईकडे बघितलं. आई घड्याळाकडे बघत होत्या. काका साबणाची बादली उगाच धूत बसले होते. कुणाचाच काही उपयोग नव्हता. शेवटी डॉक्टर गाडीला वळसा घालून पलीकडच्या बाजूला गेले, ते दार हँडलाने उघडलं आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या गाडीत बायकोशेजारी बसले.

"दार हळू लावा," बाई म्हणाल्या. "काच नवीन आहे."